आमची वाटचाल : आण्णांचा तळहात

आमच्या कारखान्यातून मलखांब बाहेर पडायच्या आधी एक माणूस डोळे मिटून त्याच्यावरून तळहात फिरवतो. बुंध्यापासून मानेपर्यंत, मग माथ्याच्या बोंडावरून गोल. हा नियम आण्णांचा, 1980 पासूनचा. 2022 च्या डिसेंबरात आण्णा गेले, तेव्हापासून हात माझा असतो.

आण्णा म्हणजे माझे वडील. आमच्या सातारा जिल्ह्यात फौजेतून आलेला माणूस गावाला ‘मेजर’च असतो, मग तो शिपाई का असेना. आण्णा हवालदार होते, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलात. ट्रेड सुतार. 1948 साली राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग काढून रणगाड्यांना रस्ता करून देणारे परमवीरचक्र विजेते राम राघोबा राणे याच सॅपर्सचे. त्यांची गोष्ट आण्णांनी आम्हाला इतक्यांदा सांगितली की आई म्हणायची, “आता राणेसाहेबांनाच जेवायला बोलवा एकदा.” स्वतःच्या 1971 च्या लढाईबद्दल मात्र फार बोलायचे नाहीत. सुरुंग कसा शोधायचा ते एकदाच म्हणाले, “पालथं पडायचं, सळई तिरकी घालायची. खाली काय आहे ते बोटांना कळायला पाहिजे.” डावा कान त्यांनी तिकडेच ठेवला होता. लेथवर उभं राहताना यंत्राकडे तोच कान करायचे आणि वर सांगायचे, बघा, सरकारनं सोय करून दिली.

पंधरा वर्षांची नोकरी करून 1979 ला पेन्शनवर घरी आले. बँकेत वॉचमनची जागा मिळत होती, ती घेतली नाही. त्याच सुमाराला गावच्या तालमीतल्या जुन्या मलखांबाला तड गेली होती आणि सलामी घेताना एका पोराच्या मांडीत कुसळ घुसलं. आण्णांनी वखारीतून शिसवाचं लाकूड आणलं, जुना लेथ घेतला आणि नवा खांब केला. जमिनीवर साडेआठ फुटांच्या आसपास, खाली जाड, वर निमुळता. तो बघून शेजारच्या गावानं मागितला, मग एका शाळेनं. धंदा करू म्हणून कुणी बसलंच नव्हतं.

साडेपाचला लेथ बंद. मग अंगणात पोरं. खांबाला एरंडेल, हाताला राळ, आणि आण्णांची शिट्टी. भरतीला जाणारी पोरं पहाटे सोळाशे मीटर पळायला यायची ती वेगळीच. मुलींनी दोरीच्या मलखांबावर चढायचं म्हटल्यावर गावात कुजबुज झाली, तेव्हा पहिली दोरी धरली ती माझ्या थोरल्या बहिणीनं. हिशेब आईकडे. उधारीच्या वहीला ती ‘मेजरांचा परमार्थ’ म्हणायची. एका संस्थेनं चौदा महिने पैसे दिले नाहीत, तरी त्यांच्या पोरांचा खांब दुरुस्त करायला आण्णा स्वतःच्या खर्चानं एसटीनं गेले. आईनं त्या तिकिटाचे पैसेही वहीत लिहून ठेवले.

माझी चूकही इथंच सांगतो. 1994 ला चोवीस खो-खो खांबांची ऑर्डर होती. खांब जमिनीवर सव्वाशे सेंटिमीटरच्या आतला, कुठे धार नको, एवढीशी गोष्ट. पण लाकूड सावलीत वर्षभर वाळवायचं म्हणजे पैसा अडकून पडतो. मी घाई केली, ओलं लाकूड खपवलं. उन्हाळ्यात निम्मे तडकले. आण्णांनी सगळेच्या सगळे परत आणवले, ट्रकभाडं माझ्या पगारातून कापलं आणि दोन आठवडे माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले. मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

पुढं खो-खोला मातीऐवजी मॅट आली. मातीत खांब गाडायचे दिवस सरले, तळाला लोखंडी बैठक करायला शिकावं लागलं. ते जमलं. 2020 जमलं नाही. शाळा बंद, मैदानं बंद, पाच महिन्यांत एक ऑर्डर नाही. आण्णांच्या पेन्शनवर दोन कारागिरांची घरं चालली. 2022 च्या जूनमध्ये पंचकुलाला खेलो इंडियात मलखांब आला, तेव्हा आण्णा टीव्हीसमोरून उठेनात. त्यानंतर फोन वाजू लागले. 2025 च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, मुलं-मुली दोन्ही जिंकली, दोन्ही कप्तान महाराष्ट्राचे. त्या रात्री आई आण्णांच्या फोटोपुढं मोबाईल धरून बसली होती.

गेल्या महिन्यात एक खांब मी हात फिरवून पास केला. माझी लेक तालमीतून आली होती, हाताला अजून राळ. सहज म्हणून तिनं डोळे मिटून हात फिरवला आणि मानेच्या खाली चार बोटांवर थांबली. “बाबा, इथं.” मला काही लागेना. भिंग आणलं, तेव्हा केसाएवढी तड दिसली.

ट्रक दारात उभा होता. ड्रायव्हरला चहा पाजून परत पाठवला.