गॅलरीतले पाक चोय

पुण्यात आमच्या घराच्या पूर्वेकडील गॅलरीत मेथी, कोथिंबीर आणि लाल माठ अनेक वर्षे निघत असल्यामुळे पाक चोय ही चिनी पालेभाजीही तितक्याच सहजपणे येईल, असे मी गृहीत धरले होते. गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या मध्यावर मी बी पेरले, चौथ्या दिवशी रोपे वर आली आणि महिनाभरात प्रत्येक रोपाने पाने भरण्याऐवजी मधोमध दांडा काढून पिवळी फुले धरली. ती फुले पाहिल्यावर ही भाजी मोहरीच्या कुळातली असल्याचे नीट उमगले. सलगम आणि पाक चोय ही तर एकाच जातीची पिके आहेत. वाढती उष्णता आणि लांबत जाणारा दिवस ही या रोपाला फुलोऱ्यावर येण्याची खूण असते, आणि मी नेमका तोच काळ निवडला होता.

ती रोपे मात्र मी उपटून टाकली नाहीत. चोय सम या नावाने चीनमध्ये जी भाजी आवडीने खाल्ली जाते, ती अशा कळीदार, कोवळ्या दांड्यांचीच असते, हे ठाऊक असल्याने फुले पूर्ण उमलण्याआधी दांडे खुडून लसणाच्या फोडणीत मोठ्या आचेवर दोन मिनिटे परतले. दांडा गोडसर लागला आणि पानांना मोहरीचा किंचित झणका होता.

दुसरी पेरणी मी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात केली. कोकोपीट आणि गांडूळखत निम्मे-निम्मे घेऊन छोट्या कप्प्यांच्या ट्रेमध्ये प्रत्येक कप्प्यात दोन बिया, जेमतेम अर्धा सेंटिमीटर खोल पेरल्या. बी खोल गेले तर कोंब वर येताना दमतो. अंकुर दिसताच ट्रे उजेडात आणणे सर्वांत महत्त्वाचे ठरले, कारण पहिल्या वेळी दोन दिवस आतल्या खोलीत राहिलेली रोपे उंच, बारीक होऊन आडवी पडली होती. पाणी मी झारीने सकाळीच आणि माती वरून कोरडी दिसल्यावरच दिले. सतत ओल राहिली की कोवळी रोपे बुंध्याशी सडून कोलमडतात. पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची दोन बीजदले उघडल्यावर प्रत्येक कप्प्यात एकच रोप ठेवले आणि दुसरे ओढून न काढता कात्रीने कापले, म्हणजे शेजारच्या मुळांना धक्का बसत नाही.

बीजदलांनंतर येणारी खरी पाने चार झाली, तेव्हा म्हणजे साधारण तीन आठवड्यांनी, रोपे 20 सेंटिमीटर खोल क्रेटमध्ये दोन रोपांत एक वीत अंतर ठेवून लावली. ट्रेमध्ये विसरून राहिलेली चार रोपे मी आठवडाभराने लावली, आणि नेमकी तीच इतरांच्या आधी फुलावर आली. मुळे आवळली गेली की रोप घाबरून बी धरण्याच्या मागे लागते, असे मला त्यावरून वाटते.

कीड मात्र थंडीतही चुकली नाही. पानांच्या मागे मावा दिसू लागल्यावर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडा द्रव साबण मिसळून संध्याकाळी फवारले, आणि चौकोनी ठिपक्याच्या पतंगाच्या हिरव्या अळ्या रोज सकाळी हाताने वेचल्या. वेचणीचा एक दिवस चुकला की पानांची चाळण होते. पुढच्या वेळी लावणीच्या दिवशीच क्रेटवर बारीक जाळी घालण्याचे मी ठरवले आहे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पांढऱ्या, जाड देठांचे मुठीएवढे गड्डे तयार झाले. आई त्यांना ‘चिनी मुळ्याची पानेच’ म्हणते आणि पीठ पेरून त्यांची भाजी करते. ती उत्तम होते, फक्त पाक चोयला पाणी फार सुटत असल्याने बेसन थोडे अधिक लागते.

पाकीट संकरित वाणाचे नसल्यामुळे शेजारशेजारची तीन रोपे मी बियांसाठी राखली आहेत, कारण एकट्या रोपाला स्वतःच्या परागाने फारशा शेंगा धरत नाहीत. मधमाश्या येऊन गेल्या, शेंगाही भरल्या. त्या पिवळसर झाल्या की तडकण्यापूर्वी कापून कापडी पिशवीत सावलीत वाळवीन आणि त्यातले बी येत्या ऑक्टोबरला पेरीन.