मिलेट म्युसली आणली, आठवडाभर खाल्ली आणि मग ताटात ओतून निवडली

मुलीची शाळा सकाळी सात दहाची, व्हॅन पावणेसातला खाली येते. इतक्या सकाळी पोहे उपमा तिच्या घशाखाली उतरत नाही आणि दूध बिस्किट रोज देणं मला पटत नाही. म्हणून गेल्या महिन्यात कर्वे रोडच्या सुपरमार्केटमधून एक मिलेट म्युसलीचा डबा उचलला, म्हणजे ओट्स, ज्वारी-बाजरीसारखी भरडधान्यं आणि सुकामेवा यांचं दुधात घालून खायचं तयार मिश्रण. अर्धा किलो, ३४९ रुपये. ब्रँडचं नाव लिहीत नाहीये कारण त्या रॅकवर असे सहा-सात डबे होते आणि मागची यादी वाचली तर सगळे साधारण सारखेच आहेत.

आधी चव सांगते. कोरडी, नुसती हातावर घेऊन खाल्ली तर खरंच छान लागते. ओट्स चांगले खमंग भाजलेत, मधूनमधून साखरेत चिकटलेले छोटे गोळे येतात ते कुरकुरीत आहेत, शेवटी जिभेवर किंचित मीठ येतं ते मला फार आवडलं. गार दुधात घातली की पहिले दोन-तीन मिनिटं मजा आहे, नंतर मक्याचे फ्लेक्स मऊ पडतात आणि ओट्स मात्र चावायला राहतात, म्हणजे एकाच चमच्यात दोन वेगळ्या गोष्टी. व्हॅनिलाचा वास जरा जास्तच आहे, ज्वारी-नाचणीची चव त्याच्याखाली कुठे सापडतच नाही. आणि शेवटी वाटीत उरलेलं दूध इतकं गोड होतं की त्यात वरून साखर घातल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्यांच्या सवयीने उकळतं दूध ओतलं. मी पोचेपर्यंत सगळ्याची लापशी झाली होती. "अगं, हे दुधात टाकल्याबरोबर विरघळलं की गं," म्हणाल्या, आणि दोन चमचे खाऊन वाटी बाजूला ठेवली. त्यांची काही चूक नाही, आपल्याकडे दूध आणलं की पहिलं तापवायचं आणि गरमच प्यायचं ही रीत आहे. केलॉग्ज १९९४ मध्ये भारतात आली तेव्हा त्यांचे कॉर्नफ्लेक्स नेमके याच गोष्टीवर अडले होते, लोक घरोघरी गरम दूध ओतायचे आणि कुरकुरीतपणा लगेच जायचा. मक्याचा फ्लेक आधीच शिजवून, लाटून, भाजून कोरडा केलेला असतो, गरम दूध तो क्षणात शोषून घेतो.

आता किंमत. आजकाल पाकिटावर एमआरपीच्या शेजारी एका ग्रॅमचा भाव पण छापलेला असतो, तो बघायची सवय लावून घ्या. इथे साधारण ७० पैसे ग्रॅम. डब्यावर एक सर्व्हिंग ४० ग्रॅम लिहिलंय, म्हणजे २८ रुपये, ठीक वाटतं ना? पण मी किचनच्या काट्यावर ४० ग्रॅम मोजून आमच्या रोजच्या वाटीत घातली तर जेमतेम तळ झाकला. मुलगी पोटभर खाते तेव्हा ते ७० ग्रॅमच्या आसपास जातं आणि नवरा तर त्याहून जास्त घेतो. म्हणजे एका वाटीचे ४९ रुपये, वर दुधाचे आठ-दहा, आणि डबा सात वाट्यांत संपतो. घरी कांदे पोहे केले, वर खोबरं कोथिंबीर लिंबू सगळं धरलं तरी माझ्या हिशोबाने बशीला पंधरा रुपयांच्या पुढे जात नाही.

साखरेचा हिशोब पण याच वाटीवर करायला हवा. मागे अ‍ॅडेड शुगर १०० ग्रॅमला २४ ग्रॅम दिली आहे. ७० ग्रॅममध्ये जवळजवळ १७ ग्रॅम झाली, म्हणजे चहाचे सपाट चार चमचे, सकाळी पावणेसातच्या आत. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसभरात शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा, आणि हा आकडा मोठ्या माणसाचा आहे. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. हे वाचल्यावर मला खरंच वाईट वाटलं, कारण मी तो डबा तिच्यासाठी चांगलं काहीतरी म्हणून आणला होता.

रविवारी दुपारी मग १०० ग्रॅम मोजून स्टीलच्या ताटात ओतली आणि तांदूळ निवडतो तशी निवडायला बसले. सासूबाई पण चष्मा लावून आल्या. अर्धा तास लागला. एका कोपऱ्यात मनुका, ९ ग्रॅम. दुसऱ्या कोपऱ्यात लाल-पिवळे चौकोनी तुकडे, ८ ग्रॅम. बदामाचे नखाएवढे पातळ काप ३ ग्रॅम, भोपळ्याच्या बिया २ ग्रॅम. बाकी सगळे फ्लेक्स. सासूबाईंनी एक लाल तुकडा दाताखाली धरला आणि लगेच म्हणाल्या, "अगं ही टूटीफ्रुटी आहे." यादीत बघितलं तर तेच, साखरेत मुरवलेली पपई. केकमध्ये आणि बनपावात घालतात तीच.

डब्यावर २२ टक्के फळं आणि सुकामेवा लिहिलंय आणि माझी बेरीज पण बरोबर २२ आली, तेव्हा खोटं कुणी लिहिलेलं नाही. पण चित्रात ओंजळभर अख्खे बदाम दाखवलेत आणि आत त्या हिशोबाने संपूर्ण डब्यात १५ ग्रॅम, म्हणजे मोजून बारा-तेरा बदाम. ज्वारी-बाजरी-नाचणीचंही तेच झालंय. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, तेही भारताच्याच प्रस्तावावरून, तेव्हापासून सगळ्या पाकिटांवर कणसं आली, चांगलंच झालं. पण घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यायची असा नियम आहे, जास्त ते आधी. इथे ओट्स, मका, गहू, मग साखर आणि त्याच्याही खाली ज्वारी ७ टक्के, नाचणी ४, बाजरी ३. ज्या तीन धान्यांच्या नावावर डबा विकला जातो ती तिन्ही मिळून १४ टक्के. त्यामुळे माझं मत सांगायचं तर चवीला दहापैकी सात, कोरडा खाऊ म्हणून. रोजचा नाश्ता म्हणून या किमतीला मी परत घेणार नाही.

पण मग म्युसली म्हणजे मुळात काय ते वाचायला घेतलं आणि त्यात मला फार चांगली गोष्ट सापडली. झुरिकचे डॉक्टर बिर्चर-बेनर यांनी १९०० च्या सुमारास त्यांच्या आरोग्यधामातल्या पेशंटसाठी हा प्रकार सुरू केला आणि त्यात मुख्य वस्तू होती ताजं सफरचंद. ओट्स फक्त चमचाभर, रात्रभर पाण्यात भिजवलेले. त्यात सालासकट किसलेलं सफरचंद, लिंबाचा रस, थोडं कंडेन्स्ड मिल्क आणि वर बदामाचा कूट. कुरकुरीत काहीच नाही. फळ जास्त आणि धान्य कमी, आपल्या डब्यात बरोबर उलटं आहे.

करून बघितलं. रात्री दोन चमचे साधे ओट्स पाण्यात भिजवले, सकाळी सफरचंद थेट वाटीत किसलं आणि लगेच लिंबू पिळलं, नाहीतर कीस पाच मिनिटांत तपकिरी पडतो. कंडेन्स्ड मिल्कऐवजी घरचं सायीचं दही आणि अगदी थोडा गूळ घातला, वर चार बदाम कुटून. आंबटगोड, रसाळ, सफरचंदाचा कीस दाताखाली कचकच येतो आणि ओट्स मऊ असल्यामुळे गिळायला पण सोपं. मुलीने उभ्याउभ्या वाटी संपवली. मोठं सफरचंद धरून तीस-पस्तीस रुपये पडले, म्हणजे पोह्यांपेक्षा महागच, पण त्यातले बदाम मला दिसत होते. सफरचंद महागलं की पेरू किंवा केळं घालून बघणार आहे, पेरूच्या बिया कशा लागतील ते खाल्ल्यावरच कळेल.

सासूबाईंचं मात्र वेगळंच चाललंय. ताट निवडताना त्या म्हणाल्या होत्या की आमच्या लहानपणी सकाळी ज्वारीच्या लाह्यांचं पीठ दूध-गुळात कालवून मिळायचं, किंवा सातूचं पीठ, शिजवायचं काही नाही आणि दूध गरम असलं तरी चालायचं. मी लग्न होऊन आल्यापासून लाह्या घरात फक्त नागपंचमीला बघितल्यात, त्या पण पूजेपुरत्या. शनिवारी मंडईकडे जायचंच आहे तर पाव किलो लाह्या आणते, अर्ध्याचं पीठ करू आणि अर्ध्या तशाच त्या उरलेल्या डब्यात मिसळून टाकू, म्हणजे त्याची गोडी जरा कमी होईल.