पडीक वाफे, सामाईक माती : विक्रोळीतील पहिल्या पावसाळ्याअखेरची नोंद

विक्रोळी पूर्वेला आमच्या वसाहतीच्या मागील भिंतीलगत, इमारती आणि खाडीकडची खारफुटी यांच्या मधल्या पट्ट्यात, रहिवाशांना एकेकाळी भाजीपाल्यासाठी वाटून दिलेले वाफे होते. ते कसणाऱ्यांपैकी काही निवृत्तीनंतर गावी गेले, काहींची घरे विकली गेली, पण वाफा मात्र जुन्याच नावावर राहिला आणि परक्याच्या वाफ्यात कुदळ कशी घालायची म्हणून शेजारी गप्प बसले. पुढे प्रत्येक दुरुस्तीचे डेब्रिज तिथेच रिकामे होत गेले आणि त्यावर सुबाभूळ, घाणेरी व गाजरगवत माजले. हा पट्टा सेंद्रिय पद्धतीने पुन्हा लागवडीखाली आणायचे ठरले, तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘मला कोणता वाफा मिळणार’ हाच होता. त्यावर पहिल्या वर्षी कोणालाही वाफा द्यायचा नाही, आधी सर्वांनी मिळून माती तयार करायची आणि मगच वाटप करायचे, असा निर्णय झाला. तो काहींना रुचला नाही, पण आज मागे वळून पाहता या उपक्रमातील सर्वांत शहाणपणाचा निर्णय तोच होता, असे माझे मत आहे.

ब्रिटनमध्ये अशा वाफ्यांची परंपरा जुनी आहे. तेथील ‘अलॉटमेंट’चे रूढ माप दहा रॉड, म्हणजे सुमारे 250 चौरस मीटर असते, आणि मागणी असल्यास अशी जमीन पुरवण्याची जबाबदारी 1908 च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर टाकलेली आहे. मुंबईत एवढ्या जागेत एक इमारत उभी राहते. आमचा वाफा दहा फूट लांब आणि चार फूट रुंद आहे, त्यामुळे एकाने दुर्लक्ष केले की त्याचे तण आणि त्याच्या गोगलगायी आठवडाभरात शेजाऱ्याकडे पोहोचतात. वैयक्तिक मालकीची भावना इथे फार दूर जात नाही, हे आम्हाला साफसफाईच्या काळातच कळून चुकले.

मार्च ते मे हे महिने तोडणीत आणि खोदणीत गेले. सुबाभूळ नुसती कापून भागत नाही, बुंध्यातून ती पुन्हा फुटते, म्हणून पहारीने मुळासकट काढावी लागली. गाजरगवत फुलावर येण्याआधीच उपटले आणि उपटताना हातमोजे घातले, कारण त्याच्या संपर्काने अनेकांच्या त्वचेला खाज सुटते. खरी कसोटी पाहिली ती लव्हाळ्याने. त्याच्या गाठी कुदळीने तुटल्या की एकाच्या चार होतात, आणि वर पुठ्ठा अंथरला तरी त्याचे टोकदार कोंब तो भेदून बाहेर येतात. त्यामुळे दाताळ्याने माती सैल करून गाठी हाताने वेचणे आणि मे महिन्याच्या उन्हात पत्र्यावर वाळवणे, एवढा एकच मार्ग उरला. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला आडवाट नाही. या गाठी खताच्या ढिगात अजिबात टाकू नयेत.

डेब्रिजचा विषय थोडा सविस्तर लिहितो, कारण मुंबईत जुने वाफे पुन्हा उभे करणाऱ्या प्रत्येकाला त्याला तोंड द्यावे लागणार आहे. सिमेंट आणि चुना मिसळलेल्या मातीवर थोडे व्हिनेगर टाकले की ती फसफसते. आमच्या जवळजवळ प्रत्येक वाफ्यातील माती फसफसली आणि सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) पट्टीवर साडेआठच्या आसपास आला. एवढ्या अल्कधर्मी मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, आणि नवी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा वेळी सामू खाली आणण्यासाठी गंधक टाकण्याचा सल्ला हमखास मिळतो. परंतु मातीत चुन्याचे खडे शिल्लक असतील तर ते गंधकाचा परिणाम खाऊन टाकतात, म्हणून आधी खडे चाळून काढणे आणि मग सेंद्रिय पदार्थ भरपूर घालणे हाच क्रम योग्य ठरतो. बांधकामाची वाळू चाळायची जाळी इथे फार उपयोगी पडली. निघालेल्या अखंड विटा वाफ्यांच्या कडेला लावल्या, मात्र जुना रंग असलेल्या गिलाव्याचे तुकडे वेगळे ठेवले, कारण जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांचे तुकडेही सापडले. त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ते न फोडता पाणी मारून ओले केले, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले आणि वाफ्यांपासून दूर ठेवले. जिथे डेब्रिजचा थर फारच खोल लागला, तिथे खोदण्याचा हट्ट सोडून वरच फूटभर उंचीचे गादीवाफे रचले.

त्या गादीवाफ्यांत भरायला माती हवी होती आणि विकतची लाल माती आणायची नाही, असे ठरले होते. डोंगर पोखरून आलेली माती ट्रकने मागवायची आणि वर सेंद्रिय म्हणवून घ्यायचे, हे मला तरी पटत नाही. मोठ्या प्रमाणावर कचरा निर्माण करणाऱ्या सोसायट्यांनी ओल्या कचऱ्याची प्रक्रिया आवारातच करावी, अशी सक्ती महानगरपालिकेने 2017 मध्ये सुरू केल्यापासून वसाहतीत कंपोस्टच्या टाक्या होत्याच, पण तयार खताला गिऱ्हाईक नव्हते. ते सगळे आम्ही उचलले. त्याला जोड म्हणून बदाम आणि सोनमोहोराचा पालापाचोळा, रसवंतीवरील उसाची चिपाडे आणि शहाळेवाल्याकडील सोडणे गोळा केली. पद्धत श्री. अ. दाभोळकर यांच्या ‘प्रयोग परिवार’ या प्रयोगशील शेतकऱ्यांच्या गटातून पुढे आलेल्या अमृतमातीची घेतली. शेण, गोमूत्र आणि काळा गूळ पाण्यात तीन दिवस आंबवून, ते दहापट पातळ करून त्यात बारीक केलेला काडीकचरा दिवसभर भिजवायचा, मातीच्या पातळ थरांबरोबर रचायचा आणि दर आठवड्याला ढीग उलटायचा. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी फुलवलेल्या बागेमुळे ही वाट शहरातील अनेकांच्या परिचयाची झाली आहे. शेण देशी गाईचेच हवे, असा आग्रह आमच्यातील काहींनी धरला होता. प्रत्यक्षात तबेल्यातून आलेल्या म्हशीच्या शेणानेही ढीग तेवढाच तापला, त्यामुळे त्या वादात मी पडलो नाही. चिपाडांबाबत मात्र सावध राहावे. ताजी चिपाडे थेट वाफ्यात पुरली तर ती कुजताना मातीतील नत्र ओढून घेतात आणि रोपे पिवळी पडतात, म्हणून ती आधी ढिगात पूर्ण कुजवून मगच वापरावीत.

पाण्याविषयी थोडक्यात लिहितो. रेल्वे रुळांलगतच्या भाजीवर नाल्याच्या पाण्यामुळे जे आक्षेप घेतले जातात, ते आपल्यावर येऊ नयेत म्हणून नाल्याचा पर्याय पहिल्याच बैठकीत बाद केला. आरओ यंत्रातून बाहेर टाकलेल्या पाण्यात क्षार जास्त असतात आणि खाडीकाठच्या जमिनीला आणखी क्षार नकोत, म्हणून तेही टाळले. उलट वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी जवळजवळ क्षारविरहित असते. ते पिंपांत साठवले, पिंपांना बारीक जाळी बांधली आणि डेंग्यूच्या डासांची भीती असल्याने आठवड्यातून एक दिवस सर्व पिंपे कोरडी करण्याचा नियम पाळला.

पाऊस सुरू झाल्यावर कामाचे स्वरूपच पालटले. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत कोसळतो. निचऱ्याचे चर नीट असले तर हेच पाणी जमिनीतील क्षार धुऊन नेते, आणि नसले तर मुळे कुजवते. म्हणून भाजीची घाई न करता, चर काढून झाल्यावर सखल वाफ्यांत धैंचा आणि उंच वाफ्यांत ताग, ही जमिनीतच गाडायची हिरवळीच्या खताची पिके पेरली. साचलेले पाणी तागाला सोसत नाही, तर धैंचा पाणी आणि क्षार दोन्ही सोसतो. फुले येण्याच्या सुमारास रोप उपटून मुळांवरील गाठ नखाने फोडली तेव्हा आत गुलाबी रंग दिसला. नत्र स्थिर करणारे जिवाणू कामाला लागल्याची ती खूण आहे, आणि पडीक जमिनीत ती पाहिल्यावर जमलेल्या मंडळींना झालेला आनंद पहिल्या भेंडीच्या आनंदाहून कमी नव्हता. त्यानंतर ते पीक कापून जागेवरच गाडले. कडेला आपोआप उगवलेला टाकळा उपटू द्यायला मात्र वसाहतीतील कोकणातल्या मावशींनी ठाम नकार दिला आणि कोवळी पाने खुडून त्याची भाजी केली. वाफ्यांतून या हंगामात सर्वांत आधी ताटात पोहोचलेले पीक न पेरलेलेच निघाले.

याच दिवसांत गोगलगायी आल्या. मोठ्या आफ्रिकन गोगलगायीचा भारतातील प्रवेश 1847 मध्ये कोलकात्यात झाला आणि आज मुंबईत पावसाळ्यात तिला तोटा नाही. डेब्रिजच्या फटी हे तिचे आवडते घर असल्याने, जिथे चाळणी नीट झाली होती तिथे उपद्रव स्पष्टपणे कमी होता. संध्याकाळी ओले गोणपाट आणि पपईची पाने टाकून ठेवायची आणि अंधार पडल्यावर त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचायच्या, हा उपाय सर्वांत खात्रीचा ठरला. हातमोजे अत्यावश्यक आहेत, कारण ती मेंदूला इजा करणाऱ्या कृमीची वाहक असू शकते, आणि म्हणूनच पालेभाजीही नीट धुऊन घ्यावी. वेचलेल्या गोगलगायी मिठाच्या पाण्यात टाकाव्यात, पण वाफ्यावर मीठ कधीही भुरभुरवू नये. पिठ्या ढेकणासाठी आणि माव्यासाठी पाच टक्के निंबोळी अर्क पुरेसा पडला.

आता पाऊस ओसरत आहे आणि दसऱ्यानंतर चिठ्ठ्या टाकून वाटप होईल. वाफा एका घराला एका वर्षापुरताच मिळेल, हंगामात महिनाभर खुरपणी झाली नाही तर तो सामाईक साठ्यात परत येईल, आणि खताचा ढीग, चर व पिंपे यांची देखभाल वाटपानंतरही सर्वांचीच राहील. रासायनिक खताची परवानगी नाही. वाटपाआधी दोन वाफ्यांत ओलीवर कडवे वाल टोकून पाहणार आहोत, बाकीच्यांत मुळा, मेथी आणि वांग्याची रोपे जातील. खाडीकडील टोकाचे तीन वाफे वाटपातून वगळले आहेत, कारण तिथे कोरड पडताच मातीवर अजूनही क्षारांचा पांढरा थर दिसतो. त्यांच्या बाजूचा चर खोल करून पुढच्या जूनमध्ये पुन्हा धैंचाच पेरायचा आहे.