चौथीला कसलं विज्ञान?

चौथीच्या पोरांना विज्ञान कशाला, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी सातारा जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत चौथीला शिकवते, आणि पालक असोत नाहीतर माझीच नणंद, प्रश्न ठरलेला, पोरांना अजून धड वाचता येत नाही तर विज्ञान कसलं शिकवता, ते सहावीपासून आहेच की.

आहेच. सामान्य विज्ञानाचं पुस्तक सहावीलाच येतं, तिसरी ते पाचवी परिसर अभ्यास, आणि 2021 ला निपुण भारत ही लहान वर्गांची वाचन-गणिताची सरकारी मोहीम आल्यापासून सगळा जोर वाचन आणि गणितावर. तो हवाच. पण वाचायचं मोजायचं कशासाठी, हे पोरांना कुठंतरी दिसायला नको का?

डिसेंबरात आम्ही मैदानात एक मीटर उंचीची काठी रोवली, ओळंबा लावून सरळ केली, आणि दर अर्ध्या तासानं सावलीच्या टोकाला खडा ठेवायचा, टेपनं मोजायचं, वहीत लिहायचं. साडेअकराला 95 सेंटीमीटर, बाराला 89. सगळे म्हणाले झालं, बाराला सूर्य डोक्यावर, आता सावली वाढणार. साडेबाराला मोजली तर 87! एक मुलगी, एरवी बोट ठेवूनसुद्धा वाचताना अडखळते, ती म्हणाली, "बाई, टेप वाकडी धरलीय त्यानं, परत मोजा." परत मोजली, 87च. एकला पुन्हा 89.

मग घड्याळ बिघडलंय का इथून सुरुवात झाली, शेवटी नकाशा काढला. आपलं घड्याळ उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी रेखांशाचं, आपण 74 च्या आसपास, आणि एका अंशाला 4 मिनिटं, तेवढा सूर्य आपल्याकडे उशिरा सगळ्यात वर येतो. साडेआठ चोक चौतीस हे कुणाला सांगावं लागलं नाही, गणिताच्या तासाला हीच पोरं खिडकीबाहेर बघत असतात.

लॅब नाही म्हणतात, त्याचं मला पटत नाही. टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांतून त्रिकोण-चौकोन उभे करून दाखवले, आम्हाला तर एक काठीच लागली.

त्या मुलीनं त्या दिवशी वहीत न सांगता दोन ओळी लिहिल्या, ऱ्हस्वदीर्घ सगळं चुकलेलं, पण मी लाल पेन लावला नाही: सावली बाराला सगळ्यात लहान नसते. आम्ही बघितली.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे साडेबाराच्या सुमारास सावली जवळजवळ गायबच होते, तेव्हा शाळेला सुट्टी असते, म्हणून काठी घरच्या अंगणात रोवायला सांगितलीय.