तीन नंबरचा बोअर

जनसुनावणीत कारखान्याच्या पर्यावरण अधिकाऱ्याचं खरं काम आधीच्या महिन्यातलं. 30 दिवस आधी पेपरात सूचना येते, पण मराठी सारांशाची प्रत ग्रामपंचायतीत नुसती पोचून भागत नाही. ती कपाटात न जाता टेबलावर आहे ना, हे मी स्वतः जाऊन बघतो. पुण्याच्या सल्लागाराने केलेला तो सारांश त्याने स्वतःही वाचला नसावा. ‘शून्य द्रव विसर्ग’, म्हणजे सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडणं; पण सुनावणीत ते शब्द ऐकल्यावर मागून एकाने विचारलंच, "म्हंजी किती लिटर?"

आमची डिस्टिलरी लातूर जिल्ह्यात, साखर कारखान्याला लागून. एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश, म्हणजे सांडपाणी, निघतो. गावात त्याला मळीचं पाणी म्हणतात. सुनावणी होती विस्ताराची, अध्यक्ष अपर जिल्हाधिकारी. माझी पाळी आली तेव्हा मी रंगात होतो. स्पेंटवॉश आटवून दाट करतो, बगॅससोबत, म्हणजे उसाच्या चिपाडासोबत, बॉयलरमध्ये जाळतो, वाफेचं पाणी शुद्ध करून आतच वापरतो. नाल्यावर मीटर आहे, कॅमेरा आहे, आकडे थेट प्रदूषण मंडळाला दिसतात. आकडा शून्य. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

एक मावशी उठल्या. "मीटर कुठं बसवलाय, साहेब?"

"गेटजवळच्या नाल्यावर."

"आन् माझी इहीर तर मागं हाय, खताच्या यार्डाकडं. तुमचं पाणी गेटातून हिंडून येतंय व्हय आमच्याकडं?"

मंडप हसला. मीही हसलो, त्याचीच आता लाज वाटते.

मागे जुनं लॅगून आहे, स्पेंटवॉश साठवायचं तळं, बॉयलर यायच्या आधीचं. त्याच्या कोपऱ्यातली तळाची शीट फाटलेली. आमच्याकडं मुरूम संपला की काळा पाषाण, आणि पाषाणाच्या भेगेतून पाणी कुठं निघेल ते सांगता येत नाही. म्हणून यार्डाभोवती तीन निरीक्षण बोअर घेतलेत. तीन नंबरचा टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार मिलिग्रॅममध्ये, मार्चमध्ये 900, जूनमध्ये 1400, नोव्हेंबरमध्ये 2100. दुसरा पर्याय नसला तरी पिण्याच्या पाण्याला 2000 च्या वर परवानगी नाही. अहवालात एक आणि दोनच नंबर; तिसरा ‘दुरुस्तीत’. साहेबांना सांगितलं होतं, तर म्हणाले, "सीझन संपू दे." आमच्या धंद्यात सीझन कधीच संपत नाही.

मी म्हणालो, "नोंद घेतो, मावशी."

शेवटी इतिवृत्त वाचून दाखवतात. त्यात ओळ आली: ‘विहिरीच्या पाण्याबाबत एक हरकत.’ मीटर कुठं बसवलाय हा प्रश्न गायब. कारकुनाने मुद्दाम गाळला नसावा, त्याला तो प्रश्नच वाटला नसेल. पण मला वाटला होता, आणि उठून दुरुस्ती सांगण्यापासून मला कोणी अडवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पेनसारखा टीडीएस मीटर खिशात घालून एकटाच गेलो. विहिरीत कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी, आकडा 1860. मावशींनी बाज टाकली, चहा दिला. "पी लेकरा, हापशाच्या पाण्याचा हाय."

मी तीन नंबरच्या आकड्यांसकट दोन पानी टिपण वर पाठवलं. उत्तर आलं नाही, टँकर गेला. टँकर कशापायी पाठवला ते लिहून द्या, तरच पाणी घेते, असं मावशींनी ड्रायव्हरला सांगितलं. त्याचा मला फोन.

"साहेब, चिठ्ठीवर काय लिहू?"

मी म्हणालो, "‘पाणी, 10 हजार लिटर’ एवढंच लिही."