शाळा सोडण्याचे कारण

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील आमच्या माध्यमिक शाळेत तो भरताना कोणी थांबत नाही. दसरा झाला की ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांचे अर्ज येऊ लागतात. लिपिक जनरल रजिस्टर उघडून नाव, जात आणि जन्मतारीख अंकी व अक्षरी उतरवून घेतात, वर्तणुकीपुढे 'चांगली' लिहितात आणि कारणापुढे 'पालकांच्या विनंतीवरून'. जन्मतारीख मात्र मी स्वतः रजिस्टरवर बोट ठेवून ताडून पाहते, कारण तिथे एक अंक चुकला तर त्या मुलाला पुढे कित्येक वर्षे कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात. माझ्या सहीने गेलेल्या एकाही दाखल्यावर जन्मतारखेची चूक निघालेली नाही, याचा मला अभिमान आहे.

गेल्या ऑक्टोबरात नववीतल्या एका मुलीचे वडील अर्ज घेऊन आले. अर्ज उघडताच अक्षर ओळखीचे वाटले, कारण तो त्या मुलीनेच लिहिला होता. उजव्या कोपऱ्यात दिनांक, मग 'प्रति', विषय, 'महोदया', शेवटी 'आपला विश्वासू' आणि त्याखाली वडिलांचा अंगठा: मराठीच्या तासाला औपचारिक पत्राचा जो आराखडा आम्ही शिकवतो, तो तिने तंतोतंत पाळला होता. ती स्वतः दाराबाहेर उभी होती.

मी त्यांना बसायला सांगून कारण विचारले. ते म्हणाले, "मॅडम, उचल घेतलीय. आमच्या कोयत्यामागं दोन बारकी लेकरं हायेत. फडात गेल्यावर कोपीवर त्यांना कोण बघणार?" नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, म्हणजे उचल, फिटेपर्यंत त्या दोघांतले कोणीही मागे राहू शकत नाही, हे मला ठाऊक होते. मुलीला आजीजवळ ठेवा, असे मी सुचवले. आजीही टोळीबरोबर निघाली होती. गावातले हंगामी वसतिगृह आठवीपर्यंतच्या मुलांसाठी आहे. पोषण आहाराचा तांदूळही आठवीपर्यंतच येतो आणि २००९ चा शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षी थांबतो. नववीतल्या मुलीला अडवून धरण्यासाठी माझ्या हातात नियमाचा एकही कागद नव्हता. शिवाय शिक्षकांची पदे ठरवणारी संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. त्या तारखेपर्यंत एकेका मुलासाठी वाड्या-वस्त्या पालथ्या घालणारी आमची यंत्रणा ऑक्टोबरात त्याच मुलाकडे वळूनही पाहत नाही. त्या यंत्रणेत मीही आहे.

तरीही मी म्हणाले, "दाखल्यावर कारण लिहावे लागते. काय लिहू?"

ते लगेच म्हणाले, "पालकांच्या विनंतीवरून." आणि क्षणभर थांबून, आवाज जराही न चढवता, "थोरलीच्या वेळी तेच लिहिलं होतं तुम्ही. तवा काई इचारलं नव्हतं."

ते गेल्यावर मी तीन वर्षांपूर्वीचे दाखल्यांचे पुस्तक काढायला लावले. थोरलीच्या दाखल्याची स्थळप्रत, म्हणजे शाळेकडे राहणारी नक्कल, सापडली. जन्मतारीख अचूक होती, वर्तणूक चांगली होती आणि खाली माझी सही होती. अर्जाची आणि दाखल्याची तारीख एकच होती, म्हणजे तो मी त्याच दिवशी देऊन टाकला होता. पुढच्याच उन्हाळ्यात त्या मुलीचे लग्न झाल्याचे मला नंतर सहकाऱ्यांकडून समजले. तेव्हा ती सोळा वर्षांचीही नव्हती. त्याच पुस्तकाच्या बाकीच्या स्थळप्रती मी त्या संध्याकाळी चाळल्या. आजारपण, उचल, लग्न, लहान भावंडे, यांतले एकही कारण कुठे लिहिलेले नव्हते. उद्या कोणी आमच्या शाळेतून मुली का जातात हे कागदांवरून शोधू लागले, तर आई-बापांनी विनंती केली म्हणून, एवढेच त्याला मिळेल.

धाकटीच्या वडिलांना मी शेवटी एवढीच गळ घातली होती, की मुलीला न्यायचेच असेल तर न्या, पण दाखला नेऊ नका. नाव पटावर राहिले तर एप्रिलमध्ये पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपल्यावर, ती वार्षिक परीक्षेला बसू शकेल. दाखला गेला की ती जागाच पुसली जाते. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग "उन्हाळ्यात बघू" म्हणून अर्ज टेबलावर तसाच ठेवून उठले. मुलीने जाताना वर्गशिक्षिकेकडून बीजगणिताचे पुस्तक मागून घेतले.

आता जानेवारी आहे. हजेरीपत्रकात तिच्या नावापुढे रोज गैरहजेरी लागते आणि सतत गैरहजर म्हणून नाव कमी करायचे का, असे वर्गशिक्षिका दर महिन्याला विचारतात. मी नाही म्हणते. पालकाने मागितलेला दाखला अडवून ठेवण्याचा मला अधिकार नाही, हेही मला माहीत आहे. तो अर्ज माझ्या खणात आहे. लिपिकांनी दोनदा आठवण करूनही मी त्यावर अजून आवक क्रमांक पडू दिलेला नाही.