वासरं कधी विकली, यावर ठरलेली मदत

अमेरिकेत नेब्रास्का राज्याच्या उत्तर भागात चेरी काउंटी (जिल्ह्यासारखा प्रशासकीय भाग) आहे. वाळूच्या टेकड्या, त्यावर गवत, व्हॅलेंटाइन हे मुख्य गाव आणि माणसांपेक्षा कितीतरी जास्त गुरं. इथल्या बहुतेक रँचवर, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या कुरणांवर, गाई वसंतात वितात आणि वासरं दूध तुटल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात विकली जातात. कोविडकाळातली सरकारी मदत समजून घ्यायची तर हे वेळापत्रक आधी लक्षात घ्यायला हवं, कारण सगळी मेख तारखांत होती.

एप्रिल २०२० मध्ये कामगार आजारी पडल्याने मांसप्रक्रिया कारखाने बंद पडले किंवा रेंगाळले. दुकानात मांस महागलं आणि जिवंत जनावराचा भाव मात्र कोसळला. त्यावर केंद्रीय कृषी खात्याने सीएफएपी (कोरोनाव्हायरस फूड असिस्टन्स प्रोग्राम) ही योजना आणली, त्यात १६ अब्ज डॉलर थेट उत्पादकांसाठी. अर्जांची मुदत २६ मे ते ११ सप्टेंबर. आपल्याकडच्या पीएम-किसानसारखी कुटुंबाला ठरावीक रक्कम नव्हे, इथे हिशेब डोईगणिक.

१५ जानेवारी ते १५ एप्रिलदरम्यान विकलेल्या जनावरासाठी: ६०० पौंडांखालचं (साधारण २७२ किलो) वासरू १०२ डॉलर, त्यावरचं १३९, कत्तलीला तयार केलेलं २१४. त्या तारखेनंतर, १६ एप्रिल ते १४ मेदरम्यान कळपात असलेलं कुठलंही जनावर: सरसकट ३३ डॉलर.

आता गणित मांडा. फेब्रुवारीत ६०० पौंडांवरची २७० वासरं विकणाऱ्याला ३७,५३० डॉलर. भाव सुधारेल म्हणून तीच २७० राखून ठेवणाऱ्याला ८,९१० डॉलर. जानेवारीत विकलेल्याला बरा भाव मिळाला होता, एप्रिलनंतर विकणारा खरा पोळला. मदत उलटी गेली. वसंतात विणाऱ्या कळपाला तर पहिला दर मिळण्याचा संबंधच नव्हता. दिलासा एवढाच, की ३३ डॉलरांच्या हिशेबात गाई आणि वळूही मोजता येत. ३०० गाई, १२ वळू, २७० वासरं म्हणजे १९,२०६ डॉलर, त्यातले आधी ८० टक्के हातात, उरलेले नंतर.

दुसरा टप्पा २१ सप्टेंबर ते ११ डिसेंबर २०२०. दर ५५ डॉलर, पण पैदाशीची जनावरं वगळलेली. १६ एप्रिल ते ३१ ऑगस्टमधली एक तारीख स्वतः निवडायची. चटकन १६ एप्रिल लिहून टाकणाऱ्यांचं नुकसान झालं, कारण तोवर निम्म्या गाई विण्याच्या राहिलेल्या असू शकतात. सगळी वासरं जन्मली आहेत आणि विक्री सुरू झालेली नाही, असा दिवस धरायला हवा होता. वरच्याच कळपाचे मग १४,८५० डॉलर होतात.

२०२१ मध्ये पहिल्या टप्प्याला वाढीव रक्कम मिळाली: कळपातल्या हलक्या वासराला ७, गाई-वळूला १७.२५ डॉलर. नवा अर्ज नको, पण पहिल्या टप्प्यात अर्जच न केलेले बाहेर राहिले. कागदपत्रांचा कंटाळा महागात पडला, तो असा.

अर्जाचा फॉर्म तसा छोटा, एडी-३११४. अडायचं ते सोबतच्या कागदांवर. उत्पन्नाचा दाखला, सीसीसी-९४१, हा कंपनीतल्या प्रत्येक भागीदाराने द्यायचा असे. एकाने टाळला की त्याच्या हिश्श्याएवढी रक्कम कापली जाई. २०१६ ते २०१८ चं सरासरी उत्पन्न ९ लाख डॉलरांवर असेल तर त्यातलं ७५ टक्के शेतीचं असल्याचं सिद्ध करावं लागे. मर्यादा माणशी अडीच लाख. कौटुंबिक कंपनीत प्रत्येकी किमान ४०० तास राबणारे तीन भागीदार असतील तर साडेसात लाख.

दुसऱ्याची गुरं फक्त चारायला घेतली असतील तर ती मोजायची नव्हती, भावाचा धोका ज्याच्या डोक्यावर त्याचाच हक्क. आकडा स्वतःच प्रमाणित करायचा असला तरी नंतर तपासणी होऊ शकत होती. तेव्हा बाजाराच्या पावत्या, मालकीची खूण म्हणून गुरांवर उठवलेल्या डागांच्या तपासणीचे कागद, पशुवैद्याची बिलं आणि वासरांच्या जन्माच्या नोंदींची खिशातली वही जपून ठेवायची होती. आणि ही रक्कम करपात्र होती. शेतीच्या विवरणपत्रात, शेड्यूल एफमध्ये, दाखवायचीच होती.